कादंबरीतली कामाची माणसं



लेखकाला व्यासपीठ सगळीकडे मिळतं. वाचकाला बोलायला बोलावणारी ठिकाणं थोडी आहेत, आणि ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी हे वाचनालय तसं ठिकाण केलं. मी समीक्षक नाही, साहित्याची प्राध्यापकही नाही. गेल्या वर्षभरात काही मराठी कादंबऱ्या वाचल्या. काही पहिल्यांदा, काही बऱ्याच वर्षांनी पुन्हा. त्यांच्याबद्दलची माझी मतं मी आज मांडणार आहे. तुमची मतं वेगळी असतील तर नंतर थांबून ती जरूर सांगा, मला ती ऐकायची आहेत.

माझी सगळी नोकरी बँकेच्या शेतीकर्ज विभागात गेली. समोर येऊन बसलेल्या माणसाला आम्ही पहिल्यांदा विचारायचो: जमीन किती, पाण्याची सोय काय, जोडधंदा आहे का, घरात कमावती माणसं किती. हे प्रश्न विचारता विचारता माणूस कळायला लागायचा. दुसरं काही न विचारता कळायचा. त्या नोकरीनं मला वाचनाची एक सवय लावली. कादंबरी हातात घेतली की मी पाहते, ही माणसं पोटासाठी काय करतात? ते काम लेखकाला आतून ठाऊक आहे का, की ‘तो शेतकरी होता’, ‘ती नोकरी करायची’ एवढ्यावर भागवलंय? कामाच्या बाबतीत लेखक खरा असला, तर त्याच्या पात्रांच्या प्रेमावर आणि दुःखावर माझा विश्वास बसतो. कामाच्या बाबतीत तो घाईत असला, तर त्याचे अश्रूही मला घाईतले वाटतात.

आनंद यादवांच्या ‘गोतावळ्या’पासून सुरुवात करते. ही कादंबरी १९७१ सालची. नारबा हा मळ्यावरचा गडी. त्याला आईबाप नाहीत, लग्न झालेलं नाही, स्वतःची जमीन नाही. मळ्यातले बैल, म्हशी, कुत्रं, कोंबड्या हाच त्याचा गोतावळा. सगळी गोष्ट तोच सांगतो, कागलच्या बाजूच्या बोलीत. यादवांनी स्वतः पोरवयात मळ्यात राबून शिक्षण घेतलं, हे त्यांचं ‘झोंबी’ हे आत्मचरित्र वाचलेल्यांना ठाऊक आहेच. म्हणून ‘गोतावळ्या’त वर्णन करण्यासाठी केलेलं वर्णन जवळपास नाही. शेणघाण काढणं, वैरण टाकणं, धार काढणं, औत जुंपणं, या कामांच्या क्रमानंच कथा पुढं सरकते. नारबाच्या दिवसाचा जो आकार आहे तोच कादंबरीचा आकार आहे. त्याला प्रत्येक जनावराचा स्वभाव ठाऊक आहे, आणि तो कामातून ठाऊक झालेला आहे. हौसेनं जनावर पाळणाऱ्याची माया निराळी आणि रोज त्याच्या जोडीनं राबणाऱ्याची निराळी. हा फरक मला ज्या थोड्या पुस्तकांत जाणवला, त्यांत ‘गोतावळा’ सर्वांत वर आहे.

मग मालक ट्रॅक्टर आणतो. बैलांचं काम संपतं आणि हळूहळू नारबाचंही संपत जातं. या मालकाला दुष्ट ठरवणारे वाचक मला भेटले आहेत. मला तो दुष्ट वाटत नाही. जे परवडतं ते तो करतो, त्याच्या जागी दुसरा कुणीही तेच करील, आणि कादंबरीची खरी धार मला इथंच लागते. १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढं शेतीला, यंत्रांना कर्ज देणं हे बँकांचं मोठं काम होऊन बसलं. ट्रॅक्टरच्या कर्जाची कितीतरी प्रकरणं माझ्या टेबलावरून गेली. त्या कागदांत क्षेत्र किती, पाणी किती, हप्ता कसा फिटणार, तारण काय, सगळ्याला रकाना होता. ट्रॅक्टर आल्यावर ज्याचं काम जाणार त्या गड्याला रकाना नव्हता. तो कागद ज्यांनी तयार केला त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. गड्याचा विचारच तिथं पोचलेला नव्हता. नोकरीत असताना मी ‘गोतावळा’ वाचली होती ती बोलीच्या गोडीनं. आता वाचली ती त्या रिकाम्या रकान्यासाठी, आणि ही कादंबरी मला आर्थिक इतिहासाच्या कित्येक पुस्तकांहून मोलाची वाटते.

त्याच साली, १९७१ मध्ये, रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ आली. तीही बोलीत आहे, मराठवाड्याच्या, आणि तीही ‘मी’नं सांगितलेली. सांगणारी आहे पारबती, गंगाराम शिंप्याची बायको. गंगारामचं शिलाई मशीन, गावातल्या बड्यांशी आलेलं त्याचं वितुष्ट, हातातून निसटत जाणारा मुलगा भाना, हे सारं आपल्याला पारबतीच्या डोळ्यांनी दिसतं. गंगारामचा स्वाभिमान त्याच्या कारागिरीतून आलेला आहे. हाताला कसब आहे, मग कुणापुढं वाकायचं कशासाठी, असा त्याचा हिशेब. पारबतीला मात्र ठाऊक आहे की ते कसब चालायचं तर गावानं कपडा शिवायला टाकला पाहिजे. दोघंही बरोबर आहेत. घरातल्या एखाद्या साध्या बोलण्यातून हा ताण बोराडे असा उभा करतात की मला मध्येच पुस्तक मिटून बसावं लागलं. आकारानं छोटी कादंबरी आहे. एका रात्रीत वाचून होते, पण कृपा करून एका रात्रीत वाचू नका.

आता ‘धग’. उद्धव शेळके यांची ही कादंबरी १९६० ची, वऱ्हाडातली. आजच्या व्याख्यानात मला एकाच कादंबरीवर बोला असं सांगितलं असतं, तर मी हिच्यावर बोलले असते.

कौतिक ही तिची नायिका. नवरा महादेव कामाचा आळशी, पुढं त्याला महारोग होतो. मुलं वाढताहेत, घर चालवायचं आहे. एवढं ऐकलं की वाटतं, पुढचं ठाऊकच आहे: सोशिक बाई, दारिद्र्य, अश्रू. ‘धग’ तशी नाही. शेळक्यांनी कौतिकला देवी केलेलं नाही. ती तोंडानं फटकळ आहे, हट्टी आहे, नवऱ्याला बोलते, कधी कधी अन्यायही करते. आणि ती सतत बेत आखत असते. आज मजुरीचे इतके आले, त्यातून दळण होईल, त्यातून इतके मागं पडतील, मग अमुक करता येईल, मग मुलाची, नामाची, शाळा सुटणार नाही. एक बेत मोडला की त्याच जागेवरून दुसरा सुरू. काही जाणकार म्हणतात की ‘धग’मध्ये दुःखावर दुःख रचलंय, वाचकाला श्वास घ्यायला जागा नाही. मला हे पटत नाही. पुस्तक संपल्यावर माझ्या मनात दुःखाची यादी उरली नव्हती. तिच्या डोक्यात चाललेला हिशेब उरला होता. माझ्यासमोर कर्जासाठी बसलेल्या बाया मी आठवून पाहिल्या. नवऱ्याचा अंगठा कागदावर, पण हप्त्याची तारीख बायकोच्या तोंडपाठ! या बायांच्या डोक्यातलं गणित मराठीत कुणी लिहिलं असेल तर ते शेळक्यांनी लिहिलं.

आणखी एक गोष्ट. ‘धग’मध्ये प्रेम आहे. महादेव आणि कौतिक यांच्यात, रागाच्या आणि तिरस्काराच्या थरांखाली, काहीतरी शेवटपर्यंत शाबूत राहतं. तो आजारी पडल्यावर ते वर येतं. शेळके त्याला नाव देत नाहीत, त्यावर परिच्छेद लिहीत नाहीत. कौतिक त्याच्यासाठी काय करते तेवढंच सांगतात. शेवट मी सांगणार नाही. ज्यांनी वाचलेली नाही त्यांचा तो हक्क आहे.

सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’बद्दल माझं मन दोन बाजूंना ओढतं. २००२ ची ही कादंबरी, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. बुलढाण्याकडची कोरडवाहू शेती, शिकलेला पण नोकरीसाठी डोनेशन द्यायला पैसा नसल्यानं शेतीत अडकलेला एकनाथ, त्याची शहरात वाढलेली बायको अलका, भाऊ मधू, वडील सुभानराव, आई शेवंतामाय. शेतीचा खर्च, बियाणं, खत, भाव, पावसाची वाट, यातलं काहीही देशमुख बाहेरून पाहून लिहीत नाहीत. पेरणीच्या दिवसांत घरातल्या प्रत्येकाचा आवाज कसा बदलतो हे त्यांना ठाऊक आहे. पीककर्जाचं नवंजुनं करायला मार्चमध्ये येणारा शेतकरी मी वर्षानुवर्षं पाहिला. एका खिडकीत उसनवारीचे पैसे भरून जुनं खातं बंद करायचं आणि दुसऱ्या खिडकीत तेच पैसे नवं कर्ज म्हणून उचलायचे, की पुन्हा एक वर्ष ढकललं. या ढकलत नेण्यानं माणूस आतून कसा झिजतो, हे ‘बारोमास’इतकं नेमकं मी दुसरीकडं वाचलेलं नाही.

पण या कादंबरीतली माणसं मधूनमधून भाषण करायला लागतात. एकनाथ आणि त्याचे मित्र शेतीच्या प्रश्नावर बोलतात तेव्हा ते एकमेकांशी न बोलता माझ्याशी, वाचकाशी बोलतात असं वाटतं. लेखकाची तळमळ मला समजते. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा तो काळ होता, गप्प राहणं शक्यच नव्हतं. तरीही शेवंतामायच्या एका उसाशानं जे होतं ते त्या संवादांनी होत नाही. देशमुखांवर माझा लोभ आहे म्हणूनच हे सांगते.

कामाचा आणखी एक प्रकार कादंबरीत फार कमी येतो, तो म्हणजे कचेरीतलं काम. कागद, फायली, शेरे. वाचकाला कंटाळा येईल अशी लेखकांना धास्ती असावी. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’नं ती धास्ती बाजूला ठेवली. कादंबरी १९९१ ची; जांभळी गाव धरणात जातं, आणि खैरमोडे गुरुजींसारखी माणसं पुनर्वसनासाठी चपला झिजवत राहतात. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्येच आला होता. तो कायदा आणि गुरुजींची चप्पल यांच्यातलं अंतर या कादंबरीनं मोजलं. पाटील स्वतः प्रशासनात होते. मोजणी, पंचनामा, मोबदला, हरकती, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाणारा अर्ज, हे त्यांना जितकं ठाऊक आहे तितकं फार थोड्या कादंबरीकारांना असेल. कचेरीची प्रकरणं म्हणूनच थरारक झाली आहेत. प्रसंग जिथं नाट्यमय करायला जातात तिथं मात्र पाटील आवाज चढवतात, आणि त्याची गरज नव्हती. अर्ज परत आला एवढं सांगितलं तरी अंगावर काटा येतो.

‘झाडाझडती’नंतर लगेच मी कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ वाचली. तिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विषय तोच, धरणानं उठवलेलं गाव. वाट अगदी निराळी. विस्थापित झालेला देवाप्पा मागं राहिलेल्या म्हशीच्या शोधात जुन्या, आता रानानं गिळलेल्या मुलखात जातो. पाटलांच्या कादंबरीत शेकडो माणसं आहेत; इथं बहुतेक वेळ एक माणूस, एक जनावर आणि रान. म्हैस आता माणसाळलेली उरलेली नाही. ज्या जनावराशी आयुष्य काढलं ते आपल्याला ओळख देत नाही, तेव्हा देवाप्पाच्या हातात वर्षानुवर्षं मुरलेलं ज्ञान एकदम निरुपयोगी होतं. कुठं दबकायचं, कशी हाक द्यायची, पाण्यावर ती केव्हा येईल, हे सगळं तो जाणतो आणि तरी ती हाती येत नाही. विस्थापनात जमीन जाते, घर जातं, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. हातातलं कसब जातं, हे मला खोतांनी सांगितलं. वाचताना सुरुवातीला गती सापडत नाही. भाषा वळणावळणाची आहे, त्याच त्या जागेभोवती फिरत राहते. थोडा धीर धरा. ते फिरणंच त्या शोधाचं चालणं आहे हे पुढं लक्षात येतं. या दोन्ही कादंबऱ्या एकापाठोपाठ एक वाचाव्यात, आणि याच क्रमानं, अशी माझी शिफारस आहे.

बायकांच्या घराबाहेरच्या कामाबद्दल कविता महाजनांच्या ‘ब्र’चं नाव घ्यायला हवं. २००५ मध्ये ती आली तेव्हा तिची चर्चा झाली ती स्त्रीच्या बंडखोरीबद्दल. मोडलेल्या संसारातून बाहेर पडलेली प्रफुल्ला स्वयंसेवी संस्थेत काम करू लागते, आदिवासी भागातल्या महिला सरपंचांना भेटत हिंडते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं पंचायतींत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, ते १९९३ साल. कायद्यानं खुर्ची दिली, पुढं काय झालं? ‘ब्र’ त्या प्रश्नामागं गावोगाव जाते. मला ती आवडली तिच्यातल्या कंटाळ्यासाठी, थकव्यासाठी. एसटीची वाट पाहणं, प्रशिक्षणाला जमलेल्या बाया, अहवाल लिहिणं, संस्थेतली राजकारणं, पुन्हा एसटी. सरपंच बाई बोलायला घाबरते, मग एके दिवशी बोलते. आणि ते बोलणं टाळ्यांच्या वाक्यासारखं येत नाही, आधी घालवलेल्या सगळ्या दिवसांच्या वजनासकट येतं. कादंबरी मधेच विस्कळीत होते, काही कहाण्या अर्धवट सुटतात. मला ते चाललं. असं काम केलेल्या माणसाच्या मनात कहाण्या तशाच अर्धवट राहतात. कविताताई २०१८ मध्ये गेल्या. त्यांच्याकडून अजून खूप यायचं होतं, हे मी हळहळून म्हणते.

नंदा खरे हेही आता नाहीत, २०२२ मध्ये ते गेले. व्यवसायानं ते स्थापत्य अभियंते. बांधकामातल्या आयुष्यावर त्यांनी ‘दगडावर दगड, विटेवर वीट’ लिहिलं. त्यांच्या ‘उद्या’ या कादंबरीला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. माणसांवरची पाळत, माहितीचा साठा, मूठभरांच्या हाती गेलेली सत्ता असं नजीकच्या भविष्याचं चित्र त्यात आहे. ते चित्र पटतं, कारण यंत्रणा कशा चालतात हे अभियंत्याच्या नजरेनं पाहिलेलं आहे. पात्रं मात्र मला पुरेशी भेटली नाहीत. विचार त्यांच्या पुढं चालत होता.

या सगळ्यावर एक आक्षेप तुमच्या मनात आला असेल. कादंबरी म्हणजे काही कामाची माहितीपुस्तिका नव्हे. खरं आहे. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ मी या वर्षी पुन्हा वाचली आणि हा आक्षेप मला स्वतःलाच घ्यावा लागला. १९३९ ची कादंबरी. युरोपातून मुंबईकडं येणारं जहाज, त्यावर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, इंग्लंडहून परतणारा चक्रधर आणि त्या ज्यूंमधलीच हॅर्टा. जहाजावर कुणालाच काम नाही. जेवणं, डेक, गप्पा, नाच, रात्र. माझ्या कसोटीला ही कादंबरी बसायलाच नको, आणि तरी मराठीतल्या श्रेष्ठ कादंबऱ्यांत मी तिला पहिल्या ओळीत ठेवते. पुन्हा वाचताना एक जाणवलं. त्या ज्यू प्रवाशांना काम नाही कारण ते हिसकावून घेतलेलं आहे. कालपर्यंत ज्यांना घर होतं, धंदा होता, पत होती, ती माणसं आज नुसती प्रवासी आहेत. त्या रिकामेपणामुळं चक्रधर आणि हॅर्टाचं प्रेम इतक्या वेगानं पेटतं आणि त्यातलं भय इतकं उघडं पडतं. चक्रधर मुंबईला उतरू शकतो. हॅर्टाला पुढं शांघायला जायचंय, जिथं तिची वाट कुणी पाहत नाही. बेडेकरांनी हा फरक एकदाही समजावून सांगितलेला नाही. एवढी छोटी कादंबरी, आणि आठ दशकांनंतरही निर्वासितांवरचं याहून खरं पुस्तक मला मराठीत दाखवता येत नाही.

आता जे वाचायला मिळालं नाही त्याबद्दल थोडं बोलते. मुंबईच्या गिरण्यांचा १९८२ चा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार, ती सगळी वस्ती आणि तिचं उद्ध्वस्त होणं. नाटकात जयंत पवारांनी ‘अधांतर’मधून ते आणलं. साच्यावर उभ्या असलेल्या कामगाराच्या पाळीसारखी लांब, सलग कादंबरी मी शोधते आहे. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, गोदामात माल वेचणारी आणि मोटारसायकलवर जेवण पोचवणारी पोरं, यांचे दिवस कथांमध्ये थोडेफार येतात, कादंबरीत फार कमी.

आणि ऊसतोड. दरवर्षी गाळप हंगाम सुरू झाला की बीडकडून आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं फडावर जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती टनाच्या भावानं फेडायची. दोघांतलं एक आजारी पडलं तर खाडा, म्हणून बाई दुखणं अंगावर काढते. कोप्या, पाचट, मोळ्या, वाढं विकून आलेले चार पैसे, आणि गावाकडं म्हाताऱ्यांजवळ ठेवलेली पोरं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या, शासनानं समिती नेमली. बातम्या मी वाचल्या, लेख वाचले. फडावर पहाटेच्या थंडीत पहिली मोळी बांधताना ती बाई शेजारणीशी काय बोलते, उचलीचा हिशेब मनात कसा मांडते, कशावर हसते, हे त्यांतून मला कळलं नाही. कौतिकचं मन शेळक्यांनी ज्या बारकाईनं लिहिलं, तितक्या बारकाईनं या बाईचं मन लिहिणारी कादंबरी मला वाचायची आहे. ती लिहू शकणारी मुलगी आज कदाचित एखाद्या साखरशाळेतून बाहेर पडून कॉलेजात पोचली असेल. या सभागृहात बसलेल्या शिक्षकांपैकी कुणाच्या वर्गात ती असेल, तर वाचनालयाच्या कपाटातली ‘धग’ आणि ‘पाचोळा’ तिच्या हातात द्या, आणि तिनं लिहिलेलं काही असेल तर वाचायला मागा.